आधी गंधक, मग कार्बन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, महानिर्मिती
मा. कुलगुरू, गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली
आणि नॅनोपदार्थ व कार्बन डायऑक्साइड रूपांतरणावर काम करणाऱ्या संशोधन प्रतिष्ठानांचे विश्वस्त

विषय : कार्बन डायऑक्साइड रूपांतरणाचे संशोधन चंद्रपुरात आणावे, आणि कोणत्या क्रमाने आणावे, याबाबत.

महोदय,

चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे इंधन किंवा बांधकामाचे साहित्य करायचे, या संशोधनाला सरकारचे पाठबळ मिळाले आहे. मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे आहेत. मध्य प्रदेशातील विंध्याचल वीज केंद्रात एनटीपीसीने २०२२ मध्ये दिवसाला २० टन वायू पकडणारा प्रकल्प उभा केला. आमच्याकडे मात्र वीज केंद्र आहे, कोळसा खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून हे संशोधन इथे यावे, ही पहिली मागणी. पण ते हिशेब मांडून यावे.

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळशाच्या विजेमागे युनिटला जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला सुमारे २,८०० टन. विंध्याचलचा प्रकल्प दिवसभरात जेवढा वायू पकडतो, तेवढा इथे अर्ध्या मिनिटात बाहेर पडतो. त्यामुळे उद्घाटनाच्या फलकावर ‘प्रदूषणमुक्त चंद्रपूर’ असे कोणी लिहू नये.

दुसरा हिशेब विजेचा. कार्बन डायऑक्साइड हा जळून झालेल्या कार्बनचा शेवट. त्याला पुन्हा इंधन करायचे तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते. तांबे, जस्त यांच्या अतिसूक्ष्म कणांचे उत्प्रेरक ही क्रिया सोपी आणि वेगवान करतात. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त. नॅनोपदार्थांचे महत्त्व इथेच आहे. पण उत्प्रेरक ऊर्जा देत नाही. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. तेवढा हायड्रोजन पाण्यापासून मिळवायला दहा हजार युनिटच्या आसपास वीज जाते. ती कोळशाचीच असेल, तर दीड टनापेक्षा कमी वायू वापरायला आपण नऊ टनांहून अधिक वायू हवेत सोडू. सौर वीज नसेल तर हा प्रकल्प उफराटा आहे.

आता मुख्य मुद्दा. चंद्रपूरकरांच्या छातीत जाते ती धूळ आणि गंधकाचा वायू. कार्बन डायऑक्साइडने जगाचे तापमान वाढते; पण दुर्गापूर, घुग्घूस, पडोलीच्या माणसाचा रोजचा त्रास वेगळा आहे. चंद्रपूर २००९ मध्येच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आले. वीज केंद्रांच्या गंधक वायूवर केंद्राने २०१५ मध्ये मर्यादा घातली, तिच्या पालनाची मुदत वारंवार वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट दिली. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा, असे ठरले.

विश्वस्तहो, इथे तुमचे आणि आमचे हित एक होते. गंधकाने तांब्याचा उत्प्रेरक मरतो आणि वायू शोषणारे अमाइनचे द्रावण खराब होते. धुरातून गंधक काढल्याशिवाय तुमचा प्रयोग चालणारच नाही. मग लहानशा प्रयोगापुरता धूर धुऊन घ्यायचा आणि उरलेला लोकांवर सोडायचा, हे कोणत्या न्यायात बसते? पूर्ण केंद्राचा गंधक आधी काढा, ही अट तुम्हीच घाला. तुमचा शब्द आमच्या निवेदनांपेक्षा वजनदार ठरेल.

कार्बनसाठी जागा निवडायची तर वीज केंद्रापेक्षा गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांकडे पाहा. विजेला सूर्याचा पर्याय आहे. सिमेंटमधल्या चुनखडीला नाही. एक टन शुद्ध चुनखडी भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, भट्टी कशावरही चालवा. कार्बनचा उपयोग शोधणाऱ्या जागतिक एक्सप्राइझ स्पर्धेत २०२१ मध्ये जिंकलेले दोन्ही चमू हा वायू काँक्रीटमध्ये बांधून ठेवणारे होते. आमच्याकडे सिमेंट आहे आणि वीज केंद्राच्या राखेचे डोंगरही. राखेतल्या सिलिका व ॲल्युमिनापासून वायू शोषणारे झिओलाइट करता येते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत त्यावर काम झालेले आहे. कच्चा माल आणि जाणकार दोन्ही विदर्भात आहेत.

शेजारच्या गडचिरोलीबद्दल एक इशारा. बांबूच्या कोळशापासून वायू शोषणारा सच्छिद्र कार्बन करता येतो, म्हणून कोणी थेट जंगलात शिरू नये. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही. बांबू हवा असेल, तर ग्रामसभेशी करार करा आणि तिने ठरवलेला भाव द्या. उभे जंगल दाखवून कारखान्यांच्या धुराची वजाबाकीही कोणी करू नये.

आमच्या मागण्या अशा :

१. वीज केंद्राच्या सर्व संचांसाठी गंधक काढणाऱ्या यंत्रणेचे तारीखवार वेळापत्रक जाहीर करावे.
२. गोंडवाना विद्यापीठात कार्बन व राखेवरील संशोधनाचे केंद्र सुरू करून दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना पाठ्यवृत्त्या द्याव्यात.
३. पकडलेला वायू, लागलेली वीज आणि ती कुठून आली, याचा हिशेब दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध करावा.
४. या प्रकल्पाचे नाव पुढे करून नव्या कोळसा संचाला परवानगी मागू नये.

१९८३ पासून चंद्रपूर राज्याला वीज देत आले आहे. आता आम्हाला विज्ञानही हवे आहे, पण स्वच्छ हवेच्या बदल्यात नव्हे, तिच्यासोबत. पहिल्या मागणीची तारीख आधी कळवा. उरलेल्या कामात आम्ही तुमच्या सोबत राहू.

आपला,
एक चंद्रपूरकर