टोपीवरचा बिल्ला वाचा

रत्नागिरीजवळचे मिरजोळे घ्या, नाहीतर कोकणातली कोणतीही बौद्धवाडी. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी फौजी पोशाखातल्या आजोबांचा फोटो आढळतो. पलटण कोणती विचारले, की उत्तर एकच: ‘मिलिटरीत होते.’ आपण एवढ्यावर थांबता कामा नये.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ साली ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि स्तंभासोबत एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आल्या. पुढे स्वतंत्र भारतात स्तंभाच्या जागी खंजीर आला. फोटो पहिल्या महायुद्धाच्या काळातला असेल, तर १११ महार पलटणीचा माग काढावा. ती १९१७ साली उभारली गेली आणि १९२१ साली मोडली. बिल्ला निराळाच असेल तर तर्क लढवू नये. डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर आणि पलटण पाहावी.

१८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढवय्ये नव्हेत’ म्हणून आमच्या माणसांची फौजभरती बंद केली. त्या खोटेपणाला उत्तर आमच्याच भिंतींवर टांगले आहे. स्टुडिओत फोटो उजळताना बिल्ला पुसला गेला, तर ते उत्तरही पुसले जाईल. म्हणून आधी भिंगाने बिल्ला, बटणे, खांद्यावरची अक्षरे पाहा, फोटोची मागची बाजू वाचा आणि घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर सारे लिहून ठेवा.