सरकी घरातून गेली, तिचा हिशेब कोणी द्यायचा?



एका गावच्या बैठकीत आम्ही नेहमीप्रमाणे कापसाच्या एकरी खर्चाची बेरीज मांडत होतो. बियाणे, खत, फवारणी, वेचणी. ओट्यावर बसलेली एक म्हातारी माय मध्येच म्हणाली, "बापू, आमच्या घरची सरकी ढोरालेही पुरे अन् पेरालेही पुरे. आता पेराले दुकानात जा लागते. हे तुमच्या बेरजेत कुठी हाय?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण हा खर्च आम्ही कधी धरलाच नव्हता.

घरची सरकी म्हणजे काय होते? चांगल्या झाडाची बोंडे वेगळी वेचायची, सरकी वेगळी ठेवायची, पेरणीच्या आधी शेणमातीच्या काल्यात चोळून वाळवायची, म्हणजे ती सरत्यातून न अडकता खाली पडे. हे काम बहुतेक घरच्या बाईच्या हातात. कोणते बी ठेवायचे हे ती ठरवी. तिने कृषीची पदवी घेतली नव्हती, पण निवड पद्धत तिला येत होती. आज तिची सून पाकिटावरचे चित्र पाहून बी घेते.

आम्ही पदवी घेऊन बाहेर पडलो ते 2002 साल. त्याच वर्षी 26 मार्चला बीटी कापसाला परवानगी मिळाली. आम्ही गावोगाव शिवारफेऱ्या काढल्या आणि तुम्हाला सांगितले की आता बोंडअळीचा प्रश्न मिटला. खोटे सांगितले नव्हते. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, पहिली काही वर्षे उत्पादनही वाढले. म्हणून साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या आसपास तुम्ही मोजले. 2006 मध्ये किंमत साडेसातशेवर आली, तीही सरकारांना दाद मागावी लागली तेव्हा.

पण एक गोष्ट आम्ही सांगितली नाही. बीटी हा गुण वेगळा आणि संकरित बी ही बाब वेगळी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथे बीटी कापूस मुख्यतः सरळ वाणात आला. आपल्याकडे तो संकरित बियाण्यात घालून दिला. संकरित कापूस ही या देशाचीच कमाई. 1970 मध्ये सुरतच्या केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-4 हा पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. त्या विद्वत्तेला आमचा नमस्कार. पण संकरिताची सरकी पुढल्या वर्षी पेरली तर झाडे सारखी येत नाहीत. म्हणजे दरवर्षी दुकान. कुलूप शास्त्राने बनवले आणि किल्ली व्यापाऱ्याच्या खिशात गेली.

2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. कायदा चांगला. पण राखून उपयोगी पडेल असे बीच हाती नसेल, तर त्या कागदाचे काय करायचे?

पुढे काय झाले ते तुम्ही भोगले आहे. 2006 मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. गुलाबी अळी आधी पहिल्या जनुकाला सरावली, मग दुसऱ्यालाही. 2017 मध्ये बोंडे फोडली तर आत अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या तंत्राने फवारणी कमी होणार होती, त्याच कापसात माणसे फवारणीने मेली.

तेव्हा साहेब लोक म्हणाले, शेतकऱ्याने फरदड ठेवली, आश्रय ओळी लावल्या नाहीत. फरदड ठेवू नये, हे खरेच आहे. पण पाकिटाबरोबरची ती 120 ग्रॅमची बिगर बीटीची पुडी कशासाठी, हे बांधावर येऊन किती जणांनी समजावले? आम्हीही नाही समजावले; तो दोष आमच्या पदरात घ्या. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत विष असते, काहीत नसते. अळीला सरावायला आणखी काय हवे? आणि लांब मुदतीच्या संकरितामुळे तिला जानेवारीपर्यंत जेवण. यातले काय शेतकऱ्याने ठरवले होते?

ज्वारीचे तेच. 1964 मध्ये सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, भूक भागली, हे नाकारू नये. पण विद्यापीठाच्या काट्यावर फक्त दाणा चढला, कडबा चढला नाही. ताट बुटके झाले, पावसात सापडलेले कणीस काळे पडले, दावणीला वैरण कमी पडली. बैलजोडी गेली, शेण गेले. आता ट्रॅक्टरचे भाडे आणि खताची उधारी. प्रगतीच्या तक्त्यात हे कुठेच नाही.

यावरून कोणी आम्हाला म्हणेल, मागे फिरा, जुनेच बरे. शहरात बसून गावरानाचे गोडवे गाणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. जुन्या दिवसांत उपासमारही होती. शेतकऱ्याला विज्ञान हवे आहे, सगळ्या जगाला मिळते ते हवे आहे. आमचा सवाल एवढाच, की निवड कोणाची? फायदा मोजताना सगळे हजर आणि किंमत मोजताना शेतकरी एकटा, याला प्रगती म्हणायचे नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडत आहोत.

एक, बीटीचे सरळ वाण संशोधन संस्थांनी काढले आहेत. हलक्या कोरडवाहू जमिनीला चालणाऱ्या, लवकर येणाऱ्या वाणांचे बी महाबीज आणि विद्यापीठांनी भरपूर पुरवावे.

दोन, दर गावात एका शेतावर सरळ वाण आणि संकरित शेजारी शेजारी लावावे. खर्च, उत्पादन आणि उरलेला पैसा गावानेच लिहावा.

तीन, ज्वारीच्या प्रत्येक शिफारशीत दाण्याबरोबर कडब्याचे वजन छापावे.

बैठकीला येताना घरच्या मायबहिणींना घेऊन या. बियाण्याचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.