काचपेटीवरची आडवी पट्टी

लखनौत मासा केवळ गोमतीच्या पाण्यात नसतो. नबाबी काळातल्या दरवाजांवर माशांची जोडी कोरलेली दिसते आणि उत्तर प्रदेश सरकारच्या मुद्रेतही दोन मासे आहेत. अशा गावात दिवाणखान्यात माशांची काचपेटी ठेवण्याची हौस असावी, यात नवल नाही. भातखंडे यांच्या नावाच्या संगीत विद्यापीठामुळे मराठी माणसाला कैसरबाग ठाऊक असते. तिच्या शेजारचे अमीनाबाद म्हणजे बाजाराची दाटी, अरुंद गल्ल्या आणि एकमेकांना चिकटून उभी राहिलेली घरे. असल्या घरांतल्या आतल्या खोल्यांत भर दुपारीही दिवा लागतो. गिरगावच्या चाळीत किंवा पुण्यातल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा पेटीतल्या पाणवनस्पतींचा सारा भरवसा वरच्या दिव्यावर. काही महिन्यांनी मधली रोपे पिवळी पडू लागतात आणि घरातल्यांची नजर वर जाते. पेटीच्या तोंडावर पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एक आडवी पट्टी असते. तिचीच सावली नेमकी मध्ये पडते. मग घरात कुणीतरी म्हणतेच, ‘ही पट्टी काढूनच टाकली तर?’

पट्टी काढण्यापूर्वी ती तिथे कशासाठी आहे, ते पाहावे. तीन फूट म्हणजे ९० सेंटिमीटर लांबीची पेटी घ्या, पाणी ४५ सेंटिमीटर उंच. पृष्ठभागाशी पाण्याचा दाब शून्य, तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ४५ ग्रॅम, सरासरी साडेबावीस. पुढच्या काचेचे क्षेत्रफळ ४०५० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की सुमारे ९१ किलो भरतात! एक धिप्पाड माणूस आतून काचेला रात्रंदिवस रेटतो आहे, असेच समजा. गंमत अशी, की पेटी किती रुंद आहे याचा या दाबाशी संबंध नाही. पाण्याची उंची आणि काचेची लांबी, एवढेच मोजायचे.

काचेच्या तीन कडा तळाला आणि बाजूंना चिकटलेल्या असतात. वरची मोकळी असते, म्हणून ती मधोमध सर्वांत जास्त फुगते. पट्टी पुढची आणि मागची काच एकमेकींना बांधून ठेवते. आधारांमधले अंतर निम्मे झाले, तर तुळईच्या साध्या हिशेबाने वाक सोळाव्या हिश्शावर येतो. पट्टी कापली की हाच हिशेब उलटा फिरतो. पेटी लगेच फुटत नाही, हेच वाईट. काच फुगते, सांध्यातले सिलिकॉन रोज थोडे थोडे ताणले जाते आणि एखाद्या रात्री शे-दीडशे लिटर पाणी खालच्या बिऱ्हाडात उतरते.

आपली पेटी किती फुगली आहे, हे घरीच पाहता येते. पुढच्या काचेच्या वरच्या कडेला एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरावा. काच मध्ये बाहेर येत असेल, तर दोरा तिथे टेकतो आणि कोपऱ्यांजवळ फट दिसते.

आता उजेडाचे. स्वच्छ पारदर्शक काचेतून दहा हिश्शांतला जवळजवळ नऊ हिस्से उजेड सहज पार जातो. म्हणजे काचेची पट्टी असेल, तर गुन्हेगार ती नव्हेच; तिच्यावर साचलेला क्षाराचा पांढरा थर हा खरा चोर. जड पाण्याचे शिंतोडे उडतात, वाळतात आणि काच दुधी होते. दिव्याचे बटण बंद करून प्लग काढावा, व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पट्टीवर पंधरा मिनिटे ठेवावे आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पेटीत व्हिनेगर ठिबकू देऊ नये. अनेक घरांत एवढ्यावरच काम भागते.

पट्टी काळ्या प्लॅस्टिकची असेल, तर सावली खरीच. पण तेव्हाही आधी दिवा बदलावा, पट्टी नंतर. पट्टीला टेकलेल्या एकाच दिव्याची सावली गडद पडते. पेटीइतक्या लांबीची एलईडी दहा-पंधरा सेंटिमीटर वर टांगली, की दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड पट्टीखाली पोहोचतो. वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

एवढे करूनही समाधान नसेल, तर पेटी बनवणाऱ्या कारागिराकडे जावे. पेटी पूर्ण रिकामी करून प्लॅस्टिकच्या जागी काचेची पट्टी बसवता येते. लहान पेटीत लांब कडांना आतून सपाट काचपट्ट्या चिकटवून मधला भाग मोकळा ठेवता येतो. चार फूट लांब आणि दोन फूट उंच पेटीत मात्र काचेवरचा रेटा दोनशे किलोंच्या वर जातो. तिथे मधली पट्टी राहू द्यावी. नवी पेटी घेणाऱ्याने जाड काच मागावी. ८ मिलिमीटरऐवजी १० घेतली, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो.

ॲक्रिलिकची पट्टी हलकी म्हणून मोह होतो, पण सिलिकॉन तिला नीट धरत नाही. न्हाणीघरासाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉनही चालत नाही. त्यातले औषध माशांना घातक ठरू शकते. जुन्या सिलिकॉनवर नवे चिकटत नाही, म्हणून आधीचे पात्याने खरवडून जागा स्पिरिटने पुसावी लागते. आठवडाभर वाळू द्यावे, मग गच्चीत किंवा अंगणात सपाट जागी पाणी भरून दोन दिवस नजर ठेवावी. तोवर मासे बादलीत नव्हे, हवेचा पंप लावलेल्या मोठ्या टबात.

उजेड वाढला की शेवाळही वाढते. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. आणि पट्टीच्या खाली थोडी सावली राहिलीच, तर तिथे जावा फर्न किंवा अनुबियास लावावे. या रोपांना मंद उजेडच मानवतो.