अंधाराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

गळीत हंगामाच्या आरंभी महाराष्ट्रातील बहुतेक साखर कारखान्यांवर एक ठरलेला सोहळा पार पडतो. गव्हाणीत मोळी टाकून झाली की संचालक मंडळ, परिवहन अधिकारी आणि पोलीस निरीक्षक आवारातील काही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर चिकटवतात. छायाचित्र निघते. सुरक्षित वाहतुकीवर भाषणे होतात. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्याच कारखान्याच्या रस्त्यांवरून रात्रभर ज्या ट्रॉल्या धावतात, त्यांतील कितींना मागे पेटलेला दिवा आहे, याची चौकशी या सोहळ्यातील एकही मान्यवर करीत नाही.

उसाने भरलेली ट्रॉली रात्री मागून कशी दिसते, हे ऊसपट्ट्यात राहणाऱ्यास सांगण्याची गरज नाही. ती दिसतच नाही. ऊस ट्रॉलीच्या बाजूंबाहेर आणि मागे झुकलेला असतो. मूळचा शेपटीचा दिवा शाबूत असलाच तर तो वाढ्यांच्या आड गेलेला असतो. ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तेथून दुसऱ्या ट्रॉलीला जाणारी वायर शेतातील पहिल्याच खेपेत तुटते आणि मग ती कोणी जोडीत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे ध्यानी येऊन हात ब्रेककडे जाईपर्यंत दीड-दोन सेकंद सहज निघून जातात, आणि गाडी थांबण्याचे अंतर त्यानंतर सुरू होते. म्हणजे पन्नासेक मीटर आधी अडथळा दिसला नाही तर चालक कितीही सावध असो, त्याची सावधगिरी उपयोगाची नाही. त्यातून एकच दिवा मिणमिणत असेल तर तो आणखी घातक ठरतो, कारण मागच्याला वाटते की पुढे दुचाकी आहे. त्या दिव्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला ऊस त्याला धडकेच्या क्षणीच कळतो. यासाठीच रुंद वाहनाला नुसता दिवा असून भागत नाही. त्याची रुंदी आणि उंची सांगणारे दिवे त्याच्या दोन्ही कडांना असावे लागतात.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार रात्री प्रत्येक वाहनाच्या मागे १५५ मीटरवरून दिसेल असा लाल दिवा हवा, ट्रेलरच्या मागे दोन लाल रिफ्लेक्टर हवेत. २.१ मीटरपेक्षा अधिक रुंदीच्या मालवाहू वाहनाला, ट्रेलर धरून, वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर पुढे पांढरे आणि मागे लाल दिवे हवेत, आणि वाहन रात्री रस्त्यावर उभे असतानाही ते पेटते राहावेत, असेही त्यांत म्हटले आहे. येथवर सर्व ठीक. पण लगेच एक परंतुक येते: ज्या मालवाहू वाहनाला मागे पूर्ण सांगाडा नाही, त्याला मागच्या वरच्या दिव्यांची तरतूद आवश्यक नाही! आणि याच नियमांतील शेतीच्या ट्रेलरची व्याख्या काय सांगते? सामान्यतः वरून उघडा असलेला, ट्रॅक्टरला जोडलेला आणि मुख्यतः शेतमाल वाहून नेणारा ट्रेलर. म्हणजे ज्या वाहनाच्या मागच्या वरच्या कडा दिसणे सर्वांत निकडीचे, नेमके तेच वाहन आपल्या उघडेपणामुळे सुटते. बैलगाडीची तर गोष्टच वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ती वाहनच नाही.

ही सूट कारस्थानातून जन्मली असे म्हणण्याचे कारण नाही. जेथे सांगाडाच नाही तेथे दिवा टांगायचा कशाला, इतका साधा विचार तिच्यामागे असावा. स्वतःच्या शेतातला कडबा किंवा शेणखत घरी आणणाऱ्या शेतकऱ्यापुरती ती क्षम्यही ठरली असती. परंतु कारखान्याशी करार करून, टनावारी दराने, दिवसरात्र खेपा मारणारी जोडट्रॉली ही शेतकऱ्याची गाडी उरलेली नाही. ती चोवीस तास चालणाऱ्या एका यंत्राचा रस्त्यावर आलेला भाग आहे. रात्री गव्हाण रिकामी राहू नये म्हणून ती रात्री धावते. टनावर पैसे मिळतात म्हणून ती क्षमतेबाहेर भरली जाते. उद्योगाच्या कामाला शेतीच्या सवलती लावायच्या आणि त्या सवलतींची किंमत वाटसरूच्या प्राणांनी फेडायची, असा हा व्यवहार आहे.

उघड्या ट्रेलरवर दिवे आणि परावर्तक पट्ट्या टिकत नाहीत, हा कारखानदारांचा आवडता युक्तिवाद. अमेरिकेत ८० इंच, म्हणजे सुमारे दोन मीटर, किंवा अधिक रुंदीच्या ट्रक-ट्रेलरांना रुंदी दाखवणारे दिवे बंधनकारक आहेत, आणि उघड्या सपाट ट्रेलरांनाही त्यातून माफी नाही. डिसेंबर १९९३ पासून तेथे नव्या अवजड ट्रेलरांच्या कडांना परावर्तक पट्टी सक्तीची झाली. जुन्या ट्रेलरांनाही २००१ पर्यंत परावर्तक बसवावे लागले. तेथील संघीय महामार्ग-सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की या पट्टीमुळे अंधारात ट्रेलरला बाजूने वा मागून बसणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि रस्त्यावर दिवे नसलेल्या ठिकाणी तर ४१ टक्क्यांनी. अमेरिका काही श्रमिकांच्या कल्याणासाठी प्रसिद्ध नाही. तेथील भांडवलशाहीलाही जो खर्च परवडला, तो येथील सहकाराला परवडू नये काय?

तो परवडतो किती, हेही पाहावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला होता. जोडट्रॉलीच्या एका खेपेत वीस टन ऊस धरला तर ६८ हजार रुपयांचा माल एका फेरीत रस्त्यावरून जातो. चार दिवे, काही मीटर पट्टी आणि एक मजबूत वायर यांचा खर्च हंगामभराच्या खेपांवर वाटला तर टनामागे जो आकडा येईल तो हिशेबात शोधावा लागेल. तरीही तो केला जात नाही, याचे कारण पैशाच्या टंचाईत नाही. तो कोणी करायचा हे अनिश्चित ठेवण्यात सर्वांचा लाभ आहे.

कारखाना म्हणतो, वाहन आमचे नाही, कंत्राटदाराचे आहे. कंत्राटदार म्हणतो, दरात दिव्यांचा पैसा धरलेला नाही. चालक तर आठवड्याच्या पगारावरचा माणूस. दंडाची पावती मात्र त्याच्याच हाती पडते. गंमत अशी की या वाहतुकीचा संपूर्ण खर्च शेवटी ऊस उत्पादकाच्या बिलातून तोडणी-वाहतूक म्हणून कापला जातो. पैसे शेतकऱ्याचे, करार कारखान्याचा, नफा मधल्यांचा, आणि अंधार सर्वांचा. त्या अंधाराचा बळी बहुधा रात्रपाळीहून परतणारा कामगार असतो, बाजार करून घरी निघालेले जोडपे असते. बीड जिल्ह्यातून संसारासकट ट्रॉलीत बसून फडावर आलेली, रात्री भरलेल्या उसावर बसून जाणारी तोडणी मजुरांची टोळीही त्याच धडकेत सापडते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि एकूण अपघातांपैकी पाचव्या भागाहून अधिक अपघात मागून बसलेल्या धडकेचे होते.

वाहतूकदारही कर्जाने पिचलेला आहे, मजुरांना दिलेल्या उचलीत तो बुडतो, त्याच्यावर नवा बोजा नको, असे काही मित्र कळकळीने सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेला तरुण हा साखरसम्राट नव्हे. पण याचा निष्कर्ष दिवे नकोत असा निघत नाही. दिव्यांचा खर्च त्याच्या माथी मारू नये, एवढाच निघतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहनाच्या बाजूंबाहेर माल काढून ते चालविल्यास वीस हजार रुपये दंड आहे, आणि तो दंड चालविणाऱ्याइतकाच ‘चालविण्यास लावणाऱ्या’ वा ‘चालवू देणाऱ्या’ व्यक्तीलाही लागू आहे. शब्द स्पष्ट आहेत. टनावारी दराने, रात्रीच्या पाळीत, ठरल्या वेळी ऊस आणा असे सांगणारा कारखाना वाहन चालविण्यास लावीत नाही तर काय करतो? हे कलम चालकापाशीच का थांबते, हा प्रश्न परिवहन खात्याला जाहीरपणे विचारला पाहिजे.

आणि चळवळीलाही काही विचारले पाहिजे. दरवर्षी उसाच्या दरासाठी आंदोलने होतात, ट्रॉल्या अडविल्या जातात, चाकांतील हवा सोडली जाते. दराचा लढा न्याय्यच आहे. पण मागे दिवा नाही म्हणून एखादी ट्रॉली कार्यकर्त्यांनी अडवून कारखान्याच्या दारात नेऊन उभी केल्याचे क्वचितच ऐकू येते. मृत्यू अपघाती मानला की त्यातून राजकारण वगळता येते, ही सोय सत्ताधाऱ्यांची आहे. डाव्यांनी ती का पत्करावी? १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला तो उत्पादकाला मालकी देण्यासाठी. मालकीबरोबर येणारी जबाबदारी कंत्राटदाराच्या नावे खतवून मोकळे होणे त्यांच्या सहकारात बसत नव्हते.

कारखान्यापाशी लागणारे सर्व अधिकार आजच आहेत. कोणत्या गटातला, कोणत्या जातीचा, कोणत्या तारखेला लावलेला ऊस केव्हा तोडायचा, हे तो ठरवितो. वजनकाट्यावर चिठ्ठीवाचून एक मोळी आत जात नाही. त्याच काट्यावर दिवे आणि पट्टी तपासणे, आणि ती नसतील तर रिकामी ट्रॉली पुढच्या खेपेस न सोडणे, याला नवा कायदा लागत नाही. भरलेली गाडी परत पाठवू नये, कारण त्याची शिक्षा शेतकऱ्याला होते. अडवायची ती रिकामी. प्रत्येक ट्रॉलीला दिव्यांचा व पट्टीचा संच कारखान्याने स्वखर्चाने द्यावा, तो खर्च तोडणी-वाहतुकीच्या कपातीत धरू नये, आणि वायर दुरुस्त करणारा एक माणूस रात्रपाळीत आवारात असावा. उघड्या वाहनांना सूट देणारे परंतुक कारखान्यांच्या कराराने चालणाऱ्या ट्रेलरांपुरते रद्द करण्याची मागणी केंद्राकडे वेगळी करावी लागेल.

सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. जे कार्यकर्ते ऊस उत्पादक सभासद आहेत, त्यांनी या मागण्यांचा ठराव मुदतीत लेखी पाठवावा, आणि अध्यक्षांनी तो ऐनवेळच्या विषयांत ढकलला तर सभेतच मतदान मागावे.