पलटणीतली इतर नावे

आज ७ जुलै. १९९९ साली याच दिवशी द्रासजवळच्या ४८७५ या शिखरावर कॅप्टन विक्रम बत्रा यांना वीरमरण आले. पंचविशीही गाठलेली नव्हती. ते हिमाचलातल्या पालमपूरचे. आपल्या जबलपूरशी त्यांचा संबंध आला तो थोड्या काळापुरता. डिसेंबर १९९७ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले, जम्मू अँड काश्मीर रायफल्सच्या इथल्या केंद्रात काही आठवडे शिकले आणि मग तेराव्या पलटणीत रुजू व्हायला सोपोरला गेले.

तेवढ्या आधारावर त्यांना ‘आमचे’ म्हणण्याचा मोह जबलपूरला होऊ नये. पण दुसरी एक गोष्ट या शहराला हक्काने सांगता येते. कारगिल युद्धात चार परमवीर चक्रे दिली गेली आणि त्यांतली तीन जबलपूरला केंद्र असलेल्या दोन रेजिमेंटांकडे आली. बत्रा आणि संजय कुमार जम्मू-काश्मीर रायफल्सचे, योगेंद्रसिंह यादव ग्रेनेडियर्सचे. तिघांपैकी जबलपुरात जन्मलेला एकही नाही. आपल्याकडे हुतात्म्याची आठवण गावच्या वेशीपासून सुरू होते: आमच्या तालुक्याचा, आमच्या शाळेचा, पुष्कळदा आमच्या जातीचा. छावणीच्या गावाला ती सोय नसते. इथे माणूस ओळखला जातो तो पलटणीवरून, आणि पलटण म्हटली की एकट्याचे नाव घेऊन भागत नाही.

बत्रांच्या बाबतीत मात्र देशाने नेमके तेच केले. शीतपेयाच्या जाहिरातीतले ‘ये दिल माँगे मोअर’ एवढे वाक्य उरले, त्यावर २०२१ साली चित्रपट आला आणि लढाई मागे पडली. ती लढाई अशी होती. ५१४० हे तोलोलिंगच्या धारेवरचे सर्वांत उंच शिखर. त्याला नावसुद्धा नव्हते, होता तो मीटरमधल्या उंचीचा आकडा. १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल योगेशकुमार जोशी यांनी १९ जूनच्या रात्री दोन कंपन्या दोन बाजूंनी वर चढवल्या. एकीच्या पुढे बत्रा, दुसरीच्या पुढे कॅप्टन संजीव जामवाल. फत्ते झाली की वायरलेसवर काय बोलायचे, ते दोघांनी आधीच ठरवले होते. जामवालांचा संकेत होता ‘ओ, येह, येह, येह’. पहाटे आधी तोच खाली पोचला, बत्रांचा ‘ये दिल माँगे मोअर’ त्यानंतर. जामवालांना वीर चक्र मिळाले, पण त्यांचा संकेत आज कुणाच्या तोंडी नाही. घोषणा म्हणून तो जमतही नाही, हे मान्य!

याच पलटणीचे मेजर अजयसिंह जसरोटिया तर ५१४० ची चढाई सुरू होण्याआधीच गेले. १५ जूनला पलटणीवर तोफगोळ्यांचा मारा झाला. स्वतः जखमी असताना त्यांनी सहा जखमी जवानांना त्या माऱ्यातून बाहेर काढले आणि मग प्राण सोडले. त्यांना मरणोत्तर सेना पदक मिळाले. त्यांच्या हातून शिखर जिंकले गेले नाही, शत्रूचा बंकर उडाला नाही, म्हणून ते घोषणेत मावत नाहीत. आमच्या मते अधिकारी कशाला म्हणावे, हे समजून घ्यायला त्या दिवसाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

५१४० पर्यंतची वाट खुली झाली तीही दुसऱ्यांच्या रक्ताने. तोलोलिंगवर मे महिन्यात पहिली धडक दिली १८ ग्रेनेडियर्सने. श्रीनगर-लेह रस्ता वरून शत्रूच्या नजरेत, चढणीवर आडोसा जवळजवळ नाही. ३० मे रोजी मेजर राजेश अधिकारी पडले, त्यानंतर थोड्याच दिवसांत पलटणीचे दुय्यम अधिकारी लेफ्टनंट कर्नल आर. विश्वनाथन. शिखर १३ जूनला हाती आले, ते २ राजपुताना रायफल्सच्या हल्ल्यात. पहिली धडक देणाऱ्यांच्या वाट्याला विजयाचे छायाचित्र क्वचितच येते. अधिकारींना महावीर चक्र आणि विश्वनाथन यांना वीर चक्र मिळाले, दोन्ही मरणोत्तर.

आणि खुद्द ७ जुलै? अंगात ताप असताना बत्रा ४८७५ वर गेले. समोरासमोरच्या झटापटीत त्यांनी शत्रूचे पाच सैनिक मारले, स्वतः जबर जखमी झाले, तरी ठाणे हाती येईपर्यंत मागे हटले नाहीत. ते शिखर आता ‘बत्रा टॉप’ म्हणून ओळखले जाते. त्याच दिवशी, त्याच डोंगरावर, १७ जाटचे कॅप्टन अनुज नय्यर तेविसाव्या वर्षी कामी आले. त्यांना महावीर चक्र मिळाले. त्यांचे नाव आजच्या तारखेला निदान बत्रांच्या शेजारी छापले जायला हरकत नव्हती.

जबलपूरच्या दोन्ही केंद्रांत सध्या कवायत करणारे अग्निवीर कारगिलनंतर जन्मलेले आहेत. पलटणीचा इतिहास त्यांना शिकवला जातो. प्रश्न छावणीच्या भिंतीबाहेरच्या मुलांचा आहे. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शहरातल्या शाळांत भाषणे होतील, घोषणा होतील. ‘ये दिल माँगे मोअर’ ही घोषणा एकदा द्यावी आणि उरलेल्या वेळात या अधिकाऱ्यांची प्रशस्तिपत्रे वाचून दाखवावीत. सुरुवात मेजर राजेश अधिकारींपासून करावी. तारखेने तेच पहिले.