आपोआप उजळणारे चेहरे

यंत्राला जात नसते, असे आपल्यातील सुशिक्षित लोक मोठ्या समाधानाने सांगत असतात. हे विधान निम्मेच खरे आहे. यंत्राला जात नसली, तरी यंत्र घडविणाऱ्याला समाज असतो आणि त्या समाजाच्या आवडीनिवडी यंत्रात मुकाट्याने जाऊन बसतात. छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या संगणक-प्रणालींत 'ऑटो' नावाचे जे बटण असते व 'प्रीसेट' नावाचे जे तयार साचे असतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहणे आता अगत्याचे झाले आहे. कित्येकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या समाजाने माणूस म्हणून ताठ मानेने उभे राहण्यासाठी धर्मांतर केले, त्या समाजाला आपल्या चेहऱ्याचे काय केले जाते हा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही.

आज अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, पाथर्डी अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहेत, आणि हा व्यवसाय करणाऱ्यांत आपलेही तरुण आहेत. एका लग्नाची हजार-दोन हजार छायाचित्रे निघतात. ती एकेक करून सुधारीत बसण्यास कोणासही सवड नसते. सबब एक साचा निवडावयाचा आणि तो साऱ्या छायाचित्रांना एका दमात लावावयाचा, ही रीत पडली आहे. पोटापाण्याच्या उद्योगात वेळ वाचविणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच की, हा साचा कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून बनविला?

कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. समोरच्या दृश्यात एकंदर उजेड किती, याची सरासरी काढून तो चित्राला मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. आपल्या धम्मकार्यक्रमात उपासक-उपासिका शुभ्र वस्त्रे परिधान करून ओळीने बसतात. इतका पांढरा रंग समोर दिसताच यंत्र समजते की उजेड फार झाला, आणि साऱ्या चित्राचा उजेड उतरविते. पांढऱ्या साड्या करड्या दिसू लागतात आणि सावळे चेहरे काळोखात बुडतात. मग संगणकावर 'ऑटो' दाबले जाते. प्रणाली चेहरे हुडकून काढते, त्यांना उजळते, कातडी गुळगुळीत करते आणि सावळ्या वर्णातील ऊब काढून टाकते. म्हणजे एका यंत्राने चेहरा बुजविला आणि दुसऱ्याने तो बदलला. उपासिकेच्या हाती जे छायाचित्र येते, त्यात ती स्वतः नसतेच.

हे केवळ आपल्याच वाट्यास आले आहे असे नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून रंगांचा मेळ तपासण्यासाठी छापखान्यांना एक नमुनापत्र पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि तिच्या नावावरून त्या पत्रास 'शर्ली' म्हणत. तिची कातडी बरोबर दिसली की रंग बरोबर, असा हा दंडक होता. कृष्णवर्णीय मुलांचे चेहरे शाळेच्या छायाचित्रांत नीट उमटत नाहीत, ही आयांची तक्रार दीर्घकाळ कोणी मनावर घेतली नाही. पुढे लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या उत्पादकांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा वेगळ्या दिसत नाहीत असे सांगितले, तेव्हा कोठे फिल्मच्या सुधारणेला चालना मिळाली! माणसाच्या तक्रारीहून मालाच्या तक्रारीचे वजन अधिक ठरले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फिल्म गेली आणि संगणक आला, तरी दंडक फारसा पालटला नाही. २०१७ साली फेसअ‍ॅप या प्रणालीतील चेहरा 'आकर्षक' करणारा साचा कातडी गोरी करतो असे उघडकीस आले आणि तिच्या चालकांना क्षमा मागावी लागली. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र ते शेकडा ३४ च्या वर गेले.

यावर कोणी म्हणेल की, गिऱ्हाईकच गोरे करून मागते, त्याला स्टुडिओवाल्याने काय करावे? गिऱ्हाईक मागते हे खरे आहे. वधूवर मेळाव्यासाठी छायाचित्र काढताना आमच्याच घरातील वडीलधारी माणसे 'जरा उजळ करा' असे सांगतात. परंतु ही मागणी आकाशातून पडलेली नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाला २०२० साली आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द गाळावा लागला. पण तोपर्यंत दोन पिढ्यांच्या मनावर गोरेपणाचा ठसा उमटून गेला होता. आणि मागितल्यावर उजळणे निराळे, न मागता उजळणे निराळे. पहिल्यात माणसाची इच्छा असते, मग ती शहाणी असो वा वेडी. दुसऱ्यात त्याला कोणी विचारीतच नाही.

येथे एका गैरसमजापासूनही सावध राहिले पाहिजे. सवर्ण तेवढे गोरे आणि आपण तेवढे काळे, असे मानून अभिमान वा खेद करणे हे बाबासाहेबांच्या शिकवणुकीस सोडून आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची वांशिक प्रतवारी लावू पाहिली होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अशाच मापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य भिन्न वंशाचे नाहीत, हे दाखवून दिले. अस्पृश्यतेचे मूळ रंगात वा रक्तात नाही, हा त्यांचा सिद्धान्त होय. म्हणून आमची तक्रार काळ्या रंगाचा पक्ष घेण्यासाठी नाही. कोणताही एक रंग माणसाचे प्रमाण ठरविला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. याच जिल्ह्यातील हरेगाव येथे १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी वतनदार महार-मांगांच्या परिषदेत वतनाच्या गुलामीविरुद्ध आवाज उठविला. त्याच हरेगावात २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेळी व कबुतरे चोरल्याच्या नुसत्या संशयावरून दलित तरुणांना उलटे टांगून मारहाण झाली. त्याचे चित्रण पसरले आणि महाराष्ट्र हळहळला. अशा प्रसंगी छायाचित्र हा गरिबाचा साक्षीदार असतो. परंतु आज पुष्कळ मोबाईल फोनांत चेहरा सुंदर करण्याची सोय असते, आणि कित्येकदा ती आधीपासून चालूच असते. ती कातडीवरील डाग काढून टाकते. मुरुमाचा डाग कोणता आणि काठीचा वळ कोणता, हे तिला कळत नाही. सावळ्या अंगावर मुका मार मुळातच छायाचित्रात नीट दिसत नाही. त्यावर यंत्राने हात फिरविला, तर मार खाल्लेला माणूस न्यायालयासमोर धडधाकट दिसेल. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा आहे. तो कितीही कडक असला तरी पुराव्यावाचून पांगळा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवावे लागते. फाइलीत तिळभर फेरफार झाला तरी हे मूल्य बदलते. सुधारलेले छायाचित्र हाती देऊन मूळ पुसून टाकणे म्हणजे विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हाती शस्त्र देणे होय.

जी गोष्ट देहाची, तीच इतिहासाची. जुनी काळी-पांढरी छायाचित्रे आपोआप रंगविणाऱ्या प्रणाली आता मिळतात. यंत्राला मूळ रंग ठाऊक नसतो. ते केवळ अंदाज करते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षा घेताना बाबासाहेबांच्या अंगावर शुभ्र वस्त्रे होती. त्या दिवसाच्या छायाचित्रांत यंत्राने आपल्या मनचे रंग भरले आणि पुढच्या पिढीने तोच इतिहास मानला, तर दोष यंत्राचा नसून आपला असेल.

करावे काय? व्यवसायबंधूंनी उजेडाचे मोजमाप वस्त्रांवरून न घेता चेहऱ्यावरून घ्यावे. परक्यांचे साचे विकत घेण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातील गोऱ्या, सावळ्या, काळ्या अशा सर्व माणसांची छायाचित्रे समोर ठेवून स्वतःचे साचे तयार करावेत. कोणाची कातडी उजळावयाची तर त्यास आधी विचारावे. कार्यकर्त्यांनी जखमांची छायाचित्रे घेताना सौंदर्याची सोय बंद करावी, मूळ फाइल तशीच जपावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविणे असल्यास ती छायाचित्र म्हणून न पाठविता दस्तऐवज म्हणून पाठवावी. विहारांनी जुनी छायाचित्रे मूळ स्वरूपात जतन करावीत, आणि रंगविलेल्या प्रतीवर 'रंगविलेली' असे स्पष्ट लिहावे.

भगवान बुद्धांनी वस्तू जशी आहे तशी, यथाभूत, पाहावयास शिकविले. चौथ्या शीलाने आपण असत्य वचनापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा केली आहे. चित्रही बोलत असते. ते आपल्यावतीने खोटे बोलू लागले, तर त्यास अडविणे हा त्या शीलाचाच भाग होय. शतकानुशतके आपला चेहरा कसा असावा, हे दुसऱ्यांनी ठरविले. ते सांगणारी पोथी आपण टाकून दिली. आता तीच गोष्ट एक बटण सांगू लागले, तर त्याचेही मुकाट्याने ऐकण्याचे कारण नाही.

जयभीम!