स्टेटसवर न मिळणारा मान

‘पोरगं मोबाइलपायी वाया गेलं’ हे वाक्य आज बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घरोघरी ऐकू येते. बोलणारा बाप कधी गॅरेजवाला असतो, कधी बागवान, कधी साखर कारखान्यातला कामगार, तर कधी शिक्षक. तक्रार मात्र एकच असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मूल मोबाइलमध्ये काय शोधते आहे आणि ते त्याला घरात, कॉलेजात, मोहल्ल्यात का मिळत नाही, हा प्रश्न त्या तक्रारीत येत नाही. या अंकात मला त्याच प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

हे दोन्ही तालुके मागासलेले म्हणता येणार नाहीत. सहकारी साखर कारखाने, बारामतीची एमआयडीसी, वालचंदनगरचा जुना उद्योग, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि विद्या प्रतिष्ठानसारख्या शिक्षणसंस्था यांमुळे इथल्या तरुणांपुढे संधीचे चित्र सतत उभे असते. निमगाव केतकी, बावडा, भिगवणसारख्या गावांतली मुले-मुली एसटीने शिकायला येतात. २०१६ साली जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलमध्ये गेली. ज्या घरात फोन चैनीची वस्तू होती, तिथे तो पाटी-पुस्तक झाला. शाळा पुन्हा उघडल्या, फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला. तो आपणच दिला होता, हे मुलांवर चिडताना आपण विसरतो.

आधी ‘व्यसन’ हा शब्द नीट वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंगचा विकार’ समाविष्ट केला आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. हे साधारण वर्षभर चालले आणि त्यामुळे घर, शिक्षण वा काम कोलमडले, तरच त्याला विकार म्हणतात. रात्री दोन तास रील्स पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी ठरवणे म्हणूनच चूक आहे. आणि एक वर्ष कॉलेज बुडवून खोलीत बसलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणून सोडून देणे, ही त्याहून मोठी चूक आहे.

आत्मसन्मान मोजण्यासाठी मानसशास्त्रात मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची मोजपट्टी आजही वापरतात. तिच्यात फक्त दहा विधाने आहेत. इतरांच्या बरोबरीने माझीही काही किंमत आहे, असे मला वाटते का? कधी कधी आपण अगदीच निरुपयोगी आहोत, असे वाटते का? प्रश्न या धर्तीचे. इंटरनेटच्या अतिवापरासाठी किंबर्ली यंग यांची वीस प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यातले प्रश्न तासांपुरते थांबत नाहीत. आयुष्यातले त्रासदायक विचार विसरण्यासाठी तुम्ही ऑनलाइन जाता का, हेही ती विचारते. जगभरच्या अभ्यासांत आत्मसन्मान कमी असणे आणि इंटरनेटच्या आहारी जाणे यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. आधी काय आणि नंतर काय, हे सांगणे मात्र अवघड आहे. ज्याला बाहेर किंमत नाही, तो फोनकडे वळतो. फोनमुळे झोप, अभ्यास आणि मित्र सुटतात, मग किंमत आणखी कमी वाटते. हे रहाट एकदा फिरू लागले की नुसता फोन हिसकावून ते थांबत नाही.

आपल्या समाजातल्या तरुणांच्या बाबतीत या रहाटाला आणखी एक पदर आहे. घरात दखनी, शाळेत मराठी, मुलाखतीत इंग्रजी, आणि तिन्ही ठिकाणी ‘तुझं बोलणं वेगळंच वाटतं’ हे ऐकत तांबोळी, मुलाणी, आतार, बागवान घरांतली मुले मोठी होतात. शिकायला शहरात गेल्यावर आडनाव ऐकून खोली नाकारली जाते. घरी आल्यावर ‘शिकून काय दिवे लावणार, दुकानावर बस’ हे ऐकावे लागते. अशा मुलाला रात्री एक वाजता ठेवलेल्या स्टेटसवर पन्नास जणांची नजर पडते, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदाच आपण कोणीतरी आहोत असे त्याला वाटते.

धोका नेमका इथे आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटले ते स्टेटसच्या निमित्ताने. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुराचे निमित्त झाले, दंगल उसळली आणि एका तरुणाचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, यवत येथे, एका पोस्टवरून जाळपोळ झाली. निमित्ताचा वणवा करणाऱ्या जमावाला आणि त्यांच्या पाठीराख्यांना माफ करण्याचा प्रश्नच नाही. तिथे कायद्याने आपले काम केले पाहिजे. पण मान मिळवण्यासाठी ठेवलेल्या एका चित्राची किंमत सगळ्या गावाने मोजायची, हे आपल्या मुलांशी कोणी बसून बोलले आहे का? ‘गप्प बस, पोस्ट टाकू नको’ एवढेच आपण सांगतो. त्याच्या मनातला अपमान कुठे न्यायचा, हे कोणीच सांगत नाही.

मुलींची गोष्ट याहून वेगळी आहे. मुलाचा फोन काढला तर तो चिडतो. मुलीचा फोन काढला की पुष्कळदा तिचे कॉलेजही सुटते आणि पुढच्या दोन-चार महिन्यांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अनेकींसाठी फोन हीच शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे वर्ग आणि मैत्रिणी यांच्यापर्यंत पोहोचण्याची एकमेव वाट असते. त्यामुळे ‘मोबाइलचे व्यसन’ ही काळजी मुलींना घरात बसवण्याचे नवे कारण होणार नाही, यावर आपण पहारा ठेवला पाहिजे. फोन तपासणारा भाऊ स्वतः किती वाजेपर्यंत ऑनलाइन असतो, हाही प्रश्न घरात विचारला जावा.

मग करायचे काय? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेला आणि डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवलेला विवेकनिष्ठ विचार इथे उपयोगी आहे. एलिस म्हणत की माणसाने आपल्या कृतीचे मोल जरूर करावे, पण संपूर्ण ‘स्वतः’ला गुण देत बसू नये. नापास झालो ही घटना आहे, ‘मी नालायक आहे’ हा त्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष. आपल्या घरांत मात्र गुणपत्रिका आली की निकाल मुलाच्याच लायकीचा लागतो, आणि तोही शेजारच्या मुलाशी तुलना करून. लाइक्स मोजणारे मूल ही सवय फोनमध्ये शिकले असे आपल्याला वाटते. ती त्याला आधी आपणच लावली.

दुसरा धडा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नेम धरला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. त्या वेळात अभ्यास, वाचन, गप्पा चालतात. यातली महत्त्वाची गोष्ट मला अशी वाटते की तिथे मोबाइल मोठेही बंद करतात. आपल्या मोहल्ल्यांत मगरिब ते इशा हा जवळपास तेवढाच वेळ आहे. बारामती आणि इंदापूरच्या जमातींनी, महिला बचत गटांनी आणि तरुण मंडळांनी त्या वेळात एक खोली, काही पुस्तके, एक कॅरम बोर्ड आणि ऐकून घेणारा एक मोठा माणूस एवढे उपलब्ध केले, तरी पुष्कळ काम होईल. तिथे मुलींनाही बरोबरीने जागा हवी.

तिसरी गोष्ट उपचाराची. झोप उडणे, जेवण तुटणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे, ऑनलाइन पैशांच्या खेळात कर्ज होणे यांपैकी काहीही दिसले, तर आमिल-बाबांकडे खेटे घालण्यात दिवस दवडू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा बांधून ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. उलट मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. १४४१६ हा टेली-मानस सेवेचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. त्यावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही बोलता येते. पुण्यात १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करणारे मुक्तांगण आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, पण आधीच कर्जात बुडालेला मुलगा केवळ कायद्याने वर येत नाही. त्याला घरचा हात लागतो.

आमच्या तरुण वाचकांना सांगायचे ते असे, की मदत मागणे हा कमीपणा नाही. तुमची किंमत स्टेटस किती जणांनी पाहिले यावर ठरत नाही आणि टक्केवारीवरही ठरत नाही. पालकांना एकच विनंती आहे. आज रात्री मुलाचा फोन मागण्याआधी स्वतःचा बाजूला ठेवा आणि त्याचा दिवस कसा गेला ते विचारा. उत्तर मिळायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.